मोरीखालचा बांध

१९८१ च्या मे महिन्यात आम्ही वाशीला राहायला गेलो. टेम्पोतून सामान उतरवलं, स्टोव्ह पेटवून पहिला चहा केला, जुन्या साड्यांचे पडदे करून खिडक्यांना लावले, आणि त्या धांदलीत एक गोष्ट ध्यानात यायची राहूनच गेली. ती यायला दोन-तीन महिने लागले. आमच्या इमारतीत म्हातारं माणूस एकही नव्हतं.

तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर चार घरं, अशी सोळा बिऱ्हाडं. घरोघरी नवरा तिशीच्या अलीकडे-पलीकडे, बायको पंचविशीची, आणि एक मूल कडेवर नाहीतर पोटात. संध्याकाळी जिन्यात पोरांचा नुसता कालवा असायचा. दारं सताड उघडी, एका घरचं मूल दुसऱ्या घरी जेवून तिसऱ्या घरी झोपलेलं. आवाजांना तोटा नव्हता. पण पहाटे उठून खोकणारं कुणी नाही, देव्हाऱ्यापुढे पुटपुटणारं कुणी नाही, दुपारी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारं कुणी नाही. काठीचा आवाज त्या जिन्याने ऐकलाच नव्हता.

मी लालबागच्या चाळीत वाढले. एका खोलीत आम्ही सात जण, पण आमच्या मजल्याच्या टोकाला एक आजी होत्या, त्यांना सगळी चाळ माई म्हणायची. कुणाच्या पोराला गोवर आला, कुणाच्या सुनेला कोरड्या उलट्या होऊ लागल्या, कुणाकडे तार आली, की पाय आपोआप माईंच्या दाराकडे वळत. माईंना सगळंच येत होतं असं नाही. पण त्यांनी ते सगळं आधी पाहिलेलं होतं. 'होतं असं' एवढं त्या म्हणाल्या, की निम्मा ताप उतरायचा. वाशीत 'होतं असं' म्हणणारं कुणी नव्हतं. माझ्या थोरल्याला रात्री ताप चढला, की मी समोरच्या बिऱ्हाडाचं दार ठोठावायची, आणि समोरची माझ्याहून दोन वर्षांनी लहान असल्यामुळे ती माझ्याहून जास्त घाबरायची. तिसऱ्या मजल्यावर एक मल्याळी जोडपं होतं. तिथल्या बाईला आम्ही सगळे चेची, म्हणजे ताई, म्हणायचो. तिला पाच धाकटी भावंडं, म्हणून पोरांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात मांडली होती, हे मी फार पुढे वाचलं. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा टापू. खाडीवरचा पूल १९७३ चा. आम्ही आलो तेव्हा या सगळ्यातली वाशी तेवढी अंगाखांद्याने दिसू लागली होती, बाकी बऱ्याच ठिकाणी पाट्या आणि गवत. शहर मनापासून आखलेलं होतं, हे मी आजही म्हणेन. सेक्टरातल्या सेक्टरात शाळा, दुकानं, बाग. माझा मुलगा पहिलीपासून मोठा रस्ता न ओलांडता एकटा शाळेत जायचा. लालबागला माझी आई मला सहावीपर्यंत हात धरून पलीकडे सोडायची, म्हणून मला त्या आखणीची किंमत कळते. पण आखणी करणाऱ्यांना सगळं बांधता आलं तरी आजी बांधता येत नाही. ती वेळेनेच तयार होते, आणि आमच्या गावाकडे अजून वेळ साठलेलाच नव्हता.

गाव म्हणते, कारण शहर म्हणायला जीभ वळायची नाही. पत्त्यावर 'न्यू बॉम्बे ४०० ७०३' लिहायचो आणि बाजाराला निघालो की 'मुंबईला जाऊन येते' म्हणायचो. पुलावरून बस, मग मानखुर्द, चेंबूर, सायन करत दादर. परतताना पूल लागला की खाडीचा वारा खिडकीतून तोंडावर यायचा आणि मांडीवरचं मूल झोपेतच तोंड वळवायचं. रात्री खारफुटीतून कोल्हेकुई ऐकू यायची. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटांमध्ये पाणी साचून बेडूक असे ओरडायचे, की बोलताना आवाज चढवावा लागे. पूर्वेला पारसिकच्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरायच्या आणि त्याच्या पायथ्याशी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे दिवे रात्रभर जळत असायचे. ह्यांची नोकरी त्या दिव्यांतल्याच एका कारखान्यात, तीन पाळ्यांत. रात्रपाळी असली की मी मुलाला कुशीत घेऊन खिडकीतून त्या दिव्यांकडे पाहत बसायची. त्यातला कुठला दिवा त्यांचा, ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

कुणीतरी वडीलधारं असायला हवं होतं, हे सगळ्यांनाच एका रात्री कळलं. १९८२ चा पावसाळा. तळमजल्यावरच्या भाऊंचे वडील नातवाला बघायला खानदेशातून आले होते. आठ दिवस आमच्या इमारतीला एक आजोबा मिळाले. सगळी पोरं त्यांच्या अवतीभवती. नवव्या रात्री झोपेतच ते गेले. भाऊंच्या बायकोने हंबरडा फोडला, आम्ही सगळे खाली धावलो, आणि मग सोळा घरचे सोळा तरुण पुरुष त्या खोलीत आणि जिन्यात नुसते उभे राहिले. एकालाही पुढचं काही माहीत नव्हतं. आपापल्या गावी, आपापल्या चाळीत हे सगळं दुसरी माणसं करायची. बांबू कुठून आणायचे, मडकं कुठे मिळतं, स्मशान कुठल्या दिशेला आहे, देह जमिनीवर घ्यायचा तर डोकं कुठे करायचं. शिकलेली, इंजिनियरकीची, बँकेतली माणसं. पण त्या रात्री त्यांच्या चेहऱ्यांवर लहान मुलांसारखी भीती होती.

शेवटी हे आणि चेचीचा नवरा टॉर्च घेऊन शेजारच्या मूळ गावात गेले. रात्रीचे दोन वाजलेले, पाऊस ओतत होता. अर्ध्या तासात गावातून सहा-सात माणसं आली. डोक्यावर गोणपाटाच्या खोळी, खांद्यावर बांबू, सुतळीचं बंडल, एकाच्या हातात मडकं. त्यांच्यातला वयस्क होता तो भिंतीला टेकून बसला आणि एकेक गोष्ट सांगत गेला. हे इथं ठेवा, दिवा दक्षिणेला लावा, पोराला आंघोळ घालून आणा. आम्ही कोण, कुठल्या जातीचे, कुठून आलो, एका शब्दानेही त्यांनी विचारलं नाही. स्मशान त्यांच्याच गावाचं होतं, लाकडंही त्यांनीच काढून दिली. सकाळी सगळं आटोपून ते चिखलातून परत गेले, तेव्हा मी गॅलरीत उभी राहून त्यांच्या पाठी बघत होते. आम्हाला इथं येऊन वर्ष झालं होतं आणि त्या गावात मी एकदाही गेले नव्हते.

त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईतला गिरणी संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगारांत एक माझे वडील. आधी वाटलं होतं महिना-दोन महिन्यांत मिटेल. वर्ष उलटलं. आईने पाटल्या मोडल्या, मग भांडी, आणि १९८३ च्या शिमग्यानंतर दोघं लालबागची खोली भावाच्या भरवशावर टाकून कणकवलीजवळच्या आमच्या गावी निघून गेली. मला दिवस गेल्याचं कळलं ते त्यानंतर. माझी दुसरी खेप. आईचं पोस्टकार्ड आलं : 'बाळंतपणाला माझ्याने येववेल असे वाटत नाही. यांना एकटे ठेवता येत नाही, रात्री उठून गिरणीच्या भोंग्याची वेळ विचारतात.' ते कार्ड मी अजून ठेवलं आहे. सासूबाई साताऱ्याकडे, सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, त्यांना हलता येत नव्हतं. धाकटीचा जन्म डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. पाचव्या दिवशी मी तिला घेऊन घरी आले तेव्हा स्वागताला दारात तीन वर्षांचा मुलगा आणि चेची.

पोर रडायची. दिवसा रडायची, रात्री रडायची. पाय पोटाशी घेऊन, चेहरा लाल करून. मी प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेऊन तिला बसवायची आणि माझे हात थरथरायचे. पहिल्याच्या वेळी सगळं आईने केलं होतं. मी नुसती खाटेवर बसून पाहिलं होतं, आणि पाहिलेलं हातात उतरत नसतं.

आमच्या जिन्यात एक आगरी आजी मासळीची पाटी घेऊन यायच्या. सत्तरीला टेकलेल्या, काळ्यासावळ्या, गुडघ्याच्या जरा खाली येणारं काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. खाडीतली कोलंबी, निवट्या, पावसाळ्यात चिवण्या. मी मालवणी मुलखातली, त्यामुळे त्यांची पाटी माझ्या दारात हमखास टेकायची. त्या दिवशी त्यांनी पाटी टेकवली ती मासळी विकायला नाही. आतून येणारं रडणं त्या क्षणभर ऐकत राहिल्या.

"बाय, पोरीला कोन न्हाऊ घालतं?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटी जिन्यात तशीच सोडून मोरीत गेल्या, नळाखाली कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले, दोनदा हुंगून पाहिले, आणि म्हणाल्या, "पाट दे."

मी ती आंघोळ आज डोळे मिटून सांगू शकते. मोरीत पाट, त्यावर आजी बसलेल्या, लुगडं मांडीपर्यंत खोचून दोन्ही पाय सरळ लांब केलेले. त्या दोन नडग्यांच्या मध्ये माझी नऊ दिवसांची मुलगी पालथी. तिचं डोकं आजींच्या घोट्यांपाशी, गाल पायावर टेकलेला, नाक मोकळं. आधी तेल. वाटी निखाऱ्यावर धरून कोमट केलेलं खोबरेल. अंगठ्याने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर, मग तळहाताने कुल्ल्यांवर गोल. उजवा हात आणि डावा पाय धरून पाठीवर एकमेकांना भेटवायचे, मग डावा हात आणि उजवा पाय. उताणी केल्यावर पोटावर बेंबीभोवती बोट फिरवायचं. टाळूवर तेल नुसतं थापायचं, दाबायचं नाही. नाकाच्या शेंड्याला चिमटीत धरून हळूच वर ओढायचं. मग डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद. काखा, गळ्याच्या वळ्या, कानामागे. त्या मासळी सोलून खरखरीत झालेल्या हातांखाली पोर प्रथम किंचाळली, मग हुंदके देऊ लागली, आणि मग गप्प झाली. तिने डोळे उघडले आणि आजींच्या हनुवटीवरच्या गोंदणाकडे बघत राहिली.

पाणी त्यांनी कोपराने पाहिलं. "ऊन नाय," म्हणाल्या. मी आणखी गरम पाणी ओतलं. "अजून." मला भीती वाटण्याइतकं गरम झालं तेव्हा त्यांचं समाधान झालं. डाव्या हाताने मुलीच्या तोंडावर आडोसा करून तांब्यामागून तांबे पाठीवर ओतले, एक लय धरून, मध्ये न थांबता. पाठ लाल झाली, वाफ उठली. शेवटचा तांब्या त्यांनी मुलीवरून तीनदा ओवाळला आणि मोरीच्या कोपऱ्यात, नळाच्या उलट बाजूला, हळूच ओतला. दृष्ट काढली असावी असं मी समजले. नंतर शेगडीवर ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी, टाळूवर वेखंड, आणि मऊ लुगड्याच्या तुकड्यात हातपाय सरळ करून घट्ट बांधलेलं गाठोडं. ती झोपली. सलग चार तास झोपली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून दोनदा श्वास पाहिला.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "बारशाला लुगडं नेसव मला." चौथ्या दिवशी पाटीतून मुशी घेऊन आल्या, दूध उतरायला. हे साताऱ्याचे, त्यांना त्या वासाची सवय नव्हती, पण कालवण उकळत असताना हे एक शब्द न बोलता खिडकी उघडून बसले. पंधरवड्यात जिन्यातल्या बाकीच्या बायका आमच्या मोरीच्या दारात उभं राहून बघायला लागल्या. त्यांतल्या दोघी पोटुशा होत्या. आजी पाय लांब करून बसल्या की त्या मोरीची शाळाच व्हायची. चेची तेलाचा हात शिकली आणि केरळहून आईने पाठवलेल्या काढ्याचं तेल घेऊन आली. आजींनी ते हुंगून पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

मी एकदा त्यांना त्या पावसाळी रात्रीबद्दल विचारलं. तुमच्या गावची माणसं एवढ्या रात्री, ओळख ना पाळख, कशी आली? आजींना प्रश्नच नीट कळला नाही. मग म्हणाल्या, "खांड पडली तं जायाला नको?" खांड म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. खाडीलगतची ही सगळी शेतं खारजमिनीची. समुद्राचं पाणी अडवायला मातीचे बांध घातलेले, पाणी सोडायला त्यात उघाडी. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघायचा, मगच भात. पण उधाणाच्या भरतीला बांध कुठे फुटला, खांड पडली, की खारं पाणी आत शिरणार आणि शेत दोन-तीन वर्षांसाठी जाणार. म्हणून हाक आली की रात्र असो, पाऊस असो, सगळा गाव चिखल आणि पेंढा घेऊन धावणार. शेत कुणाचं ते तेव्हा बघायचं नसतं. एका घरात शिरलेलं पाणी दुसऱ्याच्या घरातही जातंच. आजींच्या लेखी आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्या रात्री खांड पडली होती, एवढंच.

१७ जानेवारी १९८४ ला आजी आल्या नाहीत. अठरालाही नाही. मुलगी चाळीस-बेचाळीस दिवसांची. मीच पाणी तापवलं, पाट घेतला, पाय लांब केले आणि पहिल्यांदा एकटीने तिला न्हाऊ घातलं. संध्याकाळी ह्यांनी वर्तमानपत्र पुढे ठेवलं. उरण तालुक्यात जासईजवळ, दास्तान फाट्याला, आणि दुसऱ्या दिवशी नवघरला, नव्या शहरासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता. पाच माणसं गेली. आजींची लेक उरणच्याच बाजूला दिलेली होती.

त्या सहाव्या दिवशी आल्या. जावई सुखरूप होता, पण त्याच्या भावकीतला एक जण जखमी होऊन इस्पितळात. आजींनी एवढंच सांगितलं आणि मोरीत जाऊन बसल्या. मी तेलाची वाटी पुढे केली. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमेना. आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं, हप्ते भरले, कुणाचं काही हिसकावलं नाही, हे सगळं खरं होतं, आणि तरीही मला बसायला जागा सुचत नव्हती.

आंघोळ झाली. शेवटचा तांब्या त्यांनी ओवाळून त्याच कोपऱ्यात ओतला, आणि मी विचारलं, "आजी, हे पाणी कुणाला?"

"बांधाला."

"कुठल्या बांधाला?"

त्यांनी ओल्या हाताने फरशीकडे दाखवलं. "तू आमचे शेतान ऱ्हातस, बाय. तुझे मोरीचे खालती आमचा बांध."

त्यांनी जिन्यात पहिल्यांदा पाटी टेकवली तेव्हापासून त्यांना ते माहीत होतं. डोंगराच्या एका टोकाची आणि गावदेवीच्या देवळाची रेघ धरून त्यांनी जागा ओळखली होती. त्यांच्या सासऱ्यांनी घातलेला बांध. त्यावरून डोक्यावर भाताचे भारे घेऊन त्या नव्या नवरीच्या चालल्या होत्या. त्याच बांधावर, भर आवणीत, त्यांना थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते आज आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी पुरं पडलं नसतं. आजी म्हणाल्या, "मान धर पोरीची, मान." मी मान धरली.

पुढे त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत मिळू लागले. आजींच्या नातवंडांच्या वाट्याला त्यातलं काही आलं. पण ज्यांनी डोक्यावरून भारे वाहिले त्या पिढीला जे गेलं ते गेलंच, आणि नव्या मुंबईत सुखाने म्हातारं झालेल्या माझ्यासारख्या प्रत्येकाने हे रोज नाही तरी वर्षातून एकदा मनात आणावं, असं मला वाटतं.

वर्षं भराभर गेली. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीला लोकल सुरू झाली. मुलांना घेऊन आम्ही पहिल्याच आठवड्यात गेलो आणि आजींनाही नेलं. धाकटी तेव्हा आठ वर्षांची, तिने आजींना खिडकी दिली. गाडी पुलावर आली तशी आजींनी गजांना दोन्ही हातांनी धरलं आणि खाली ओहोटीच्या पाण्याकडे बघत राहिल्या. पूल नव्हता तेव्हा त्या होडीतून पलीकडे जायच्या, पाटी मांडीवर घेऊन, वारा पडला की अर्धा दिवस. मानखुर्द आलं तेव्हा म्हणाल्या, "झालं?" आणि धाकटी खूप हसली. त्यानंतर तीन वर्षांनी आजी गेल्या. त्यांच्या दारात आमच्या इमारतीतल्या अकरा बायका बसल्या होत्या. त्या अकराजणींची मिळून चौदा मुलं आजींच्या नडग्यांवर न्हाली होती.

आता आमच्या जिन्यात काठीचा आवाज येऊ लागला होता. म्हणजे आमचाच. पोरं पुण्याला, बंगळुरूला, कॅनडात. चेची नवरा गेल्यावर त्रिशूरला परतली, दर ओणमला फोन करते. मग इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही सानपाड्याला नवव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. पाडकाम झाल्यावर मी एकदा बघायला गेले. आमचं घर होतं तिथं खोल खड्डा, त्यात काळीकुट्ट चिकट माती, आणि तळाशी पाणी. तिथल्या मुलाने सांगितलं, भरतीच्या वेळी ते थोडं वर चढतं, पंप लावावा लागतो. वास ओळखीचा होता. आजींच्या पाटीचा तळ तसा यायचा.

मागच्या मार्गशीर्षात सकाळी दाराची बेल वाजली. समोरच्या घरातली मुलगी, नांदेडकडची, दोघंही संगणकातल्या नोकरीत. बारा दिवसांपूर्वी तिला मुलगा झाला होता. आई यायची होती, ती घरात घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. मुलीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात मोबाइल, त्यात बाळाला आंघोळ कशी घालावी याचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला. आतून बाळाचं रडणं येत होतं, पाय पोटाशी घेऊन रडतात तसलं.

"आजी, तुम्हाला येतं का हो?"

माझे गुडघे आता वाकत नाहीत. पाट ठेवला, त्यावर उशी, तिचा नवरा एका बाजूने आणि हे दुसऱ्या बाजूने धरून मला बसवतात. एकदा बसले, पाय लांब केले, बाळ नडग्यांवर घेतलं, की मग हात आपोआप चालतात. पाणी कोपराने पाहिलं. ऊन नव्हतं. ती आणखी ओतायला घाबरली, मी आणखी ओतायला लावलं. बाळ आधी किंचाळलं, मग हुंदक्यांवर आलं, मग माझ्या हनुवटीकडे बघत राहिलं. माझ्या हनुवटीवर गोंदण नाही.

शेवटचा तांब्या हातात घेतला आणि मी थांबले. त्या न्हाणीघरात सगळीकडे चकचकीत टाइल्स, चारही कोपरे सारखे. मी मुलीला खिडकीची काच सरकवायला सांगितली. पारसिकचा डोंगर उजवीकडे. म्हणजे उत्तर समोर, आणि वाशी तिथून जरा डावीकडे.

"काय बघताय, आजी?" तिने विचारलं.

"सांगते," मी म्हटलं. "आधी त्याची मान धर." आणि तांब्या तीनदा ओवाळून त्या डावीकडच्या कोपऱ्यात हळूच ओतला.